‘दादा, अ‍ॅपची एक आयडिया आहे, खर्च किती येईल?’ : पैसे घालण्याआधी मावळातल्या पोरांनी काय बघावं

वडगाव मावळ : हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. विचारणारा कधी कामशेतचा असतो, कधी पवनानगरचा, कधी टाकव्याचा. कधी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला पोरगा, तर कधी जमिनीचे चार पैसे हातात आलेला गडी. आयडिया काय आहे ते तो सांगत नाही, कारण ती कोणी चोरेल अशी भीती असते. खर्च मात्र लगेच पाहिजे असतो.

खर्चाचा आकडा मी सांगू शकतो. पण आधी माझी स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे मी हे कोणत्या तोंडाने सांगतोय ते कळेल.

काही वर्षांपूर्वी मी आणि माझा चुलतभाऊ, दोघांनी मिळून मावळ तालुक्याचं ‘सगळं काही एकात’ असं अ‍ॅप करायचं ठरवलं. तांदूळ, भाजी, जुन्या गाड्या, भाड्याच्या खोल्या, नोकरीच्या जाहिराती, सगळं. एका डेव्हलपरला नव्वद हजार दिले. सात महिन्यांनी अ‍ॅप आलं. दसऱ्याला नारळ फोडला, फोटो स्टेटसला लावले. पुढच्या तीन महिन्यांत साठ-सत्तर जणांनी डाऊनलोड केलं, त्यातले निम्म्याहून जास्त पाहुणे आणि मित्र. जाहिराती आल्या अकरा. त्यातल्या सात आम्हीच टाकलेल्या.

डेव्हलपरची चूक नव्हती. जे सांगितलं ते त्याने करून दिलं. आम्ही सांगितलंच चुकीचं.

त्या वेळी गावातले एक तात्या, दरवर्षी घरचा इंद्रायणी तांदूळ विकणारे, त्यांना मी विचारलं की तुम्ही अ‍ॅपवर तांदूळ का टाकला नाही. तात्या म्हणाले, “माझं गिऱ्हाईक ठरलेलं हाय. दिवाळी झाली की पुण्यावरनं तीच माणसं फोन करत्यात. तांदूळ उरतोयच कुठं तुझ्या अ‍ॅपवर टाकायला?”

इंद्रायणी हे वाण आपल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झालं, १९८७ साली शेतकऱ्यांपर्यंत आलं. आज पुण्या-मुंबईत ते नावावर विकलं जातं. म्हणजे मालाला मागणी होती, शेतकरी होता, गिऱ्हाईक होतं, तिघांनी एकमेकांना आधीच गाठलेलं होतं. आम्ही मधे जाऊन उभे राहिलो आणि म्हणालो, आम्ही गाठ घालून देतो. तात्यांना न झालेल्या दुखण्याचं औषध आम्ही नव्वद हजारांना तयार करून घेतलं होतं.

चाललेलं अ‍ॅप बघा, त्याची सुरुवात बघा

मुंबईच्या सचिन टेके यांचं ‘एम-इंडिकेटर’ तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. मुंबईला कामाला असलेल्या आपल्या प्रत्येक पाहुण्याच्या फोनमध्ये ते असतं. ते आलं २०१० मध्ये. तेव्हा गावाकडेच काय, मुंबईतही बहुतेकांच्या हातात बटणांचे फोन होते, इंटरनेट महाग होतं. म्हणून ते साध्या जावा फोनवर चालेल असं केलं होतं आणि लोकलचं वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं होतं. नेट लागतच नव्हतं.

यात आयडिया काय होती? वेळापत्रक तर आधीपासून होतं. स्टेशनवर लावलेलं होतं, छापील पुस्तिका मिळत होती. लोक ती पुस्तिका विकत घेऊन खिशात ठेवत होते, हे महत्त्वाचं. एखाद्या गोष्टीसाठी माणूस आधीच पैसे मोडतोय, दुमडलेला कागद पाकिटात जपतोय, म्हणजे त्याला ती गरज खरंच आहे. आणि रोज आहे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मुंबईकर लोकलशिवाय एक दिवस काढत नाही.

पुढे त्यात बसचे मार्ग आले, रिक्षा-टॅक्सीचं भाडं आलं, मेगाब्लॉकची माहिती आली, आणि गाडी कुठे अडकलीय ते प्रवासी एकमेकांना सांगतात ती चॅटही आली. पण हे सगळं नंतर. पहिल्या दिवशी एकच काम होतं : पुढची लोकल किती वाजता आहे ते सांगणं. आमच्या अ‍ॅपमध्ये पहिल्याच दिवशी चौदा विभाग होते.

दुसरं उदाहरण आपल्या तळेगाव-लोणावळा पट्ट्यात कोणालाही पटेल. ‘व्हेअर इज माय ट्रेन’. बंगळुरूच्या एका छोट्या कंपनीने ते केलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये गुगलने ती कंपनीच घेतली. गाडी कुठे आहे हे सांगणारी अ‍ॅप आधीही होती. पण ती इंटरनेटवर अवलंबून, आणि धावत्या गाडीत रेंज येते-जाते. या लोकांनी काय केलं, की गाडीत बसलेल्या माणसाचा फोन जवळच्या मोबाईल टॉवरला जोडलेला असतो, त्या टॉवरवरून गाडीची जागा काढली. नेट नको, जीपीएस नको. खंडाळ्याच्या बोगद्यांच्या आसपास गाडी उभी राहिली की ज्याने बाकीची अ‍ॅप वापरून बघितलीत, त्याला या फरकाची किंमत कळते.

म्हणजे आयडिया नवीनच असली पाहिजे असं काही नाही. ‘असं अ‍ॅप आधीच आहे’ म्हणून पोरं निराश होतात. उलट आधीचं अ‍ॅप असणं ही चांगली खूण आहे, गरज खरी असल्याचा तो पुरावा. तुम्ही फक्त एवढं बघायचं की ते कुठे अडतं. प्ले स्टोअरवर जाऊन त्या अ‍ॅपखाली एक स्टार आणि दोन स्टार दिलेल्या लोकांनी काय लिहिलंय ते तासभर वाचा. पाच स्टारवाल्यांकडून काही शिकायला मिळत नाही. शिव्या देणारा माणूस मात्र कुठे दुखतं ते फुकटात सांगत असतो.

आयडिया शोधायची कुठे

घरात बसून डोकं खाजवून आयडिया येत नाही. आली तर ती आमच्यासारखी येते. त्यापेक्षा आठ दिवस खिशात एक छोटी वही ठेवा आणि तीन गोष्टी दिसल्या की लिहून काढा.

पहिली गोष्ट म्हणजे कोणाची तरी वही. दूध घालणाऱ्याची, उधारीची, मजुरांच्या हजेरीची, टेम्पोच्या खेपांची. जिथे माणूस रोज वही लिहितो तिथे त्याला काहीतरी विसरायची भीती आहे. दुसरी गोष्ट, व्हॉट्सअ‍ॅपचा असा ग्रुप जो मूळ कामापेक्षा भलतंच काम करतोय. गावच्या ग्रुपवर ‘कामशेतला जाणारी गाडी आहे का कोणाची’ असं रोज कोणीतरी विचारतं, हे तसंच. आणि तिसरी, एकच प्रश्न विचारणारे फोन. लाईट कधी येणार, पाणी कधी सुटणार, डॉक्टर बसलेत का, साहेब आलेत का. जो माणूस दिवसातून वीस वेळा तेच उत्तर देतो, त्याच्याजवळ जाऊन बसा.

केनियात २००७ मध्ये ‘एम-पेसा’ नावाची मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय सुरू झाली, आज ती जगभर ओळखली जाते. ती येण्याआधी तिथले लोक काय करत होते? शहरातला माणूस गावाकडच्या बायकोला मोबाईलचा बॅलन्स पाठवायचा, आणि ती तो बॅलन्स दुकानदाराला देऊन रोख घ्यायची. लोकांनी जुगाड आधीच करून ठेवला होता. कंपनीने तो सरळ केला.

आपल्याकडच्या किराणा दुकानातली ती बोलणारी पेटी घ्या. पैसे आले की मोठ्याने सांगते. पैसे घ्यायचं अ‍ॅप तर दुकानदाराकडे आधीपासून होतं. पण हाताला पीठ लागलेलं, समोर चार गिऱ्हाईकं, फोन गल्ल्याखाली. पैसे खरंच आले की पोरगा नुसता स्क्रीन दाखवून गेला, हे बघणार कोण? ही अडचण दुकानात उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

आता आपल्याकडच्या काही आयडिया तोलून बघू

लोकांकडून सगळ्यात जास्त ऐकलेली आयडिया म्हणजे पर्यटकांच्या सुरक्षेचं अ‍ॅप. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पुढच्या वर्षी १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चौघांचा जीव गेला. दोन्ही वेळा मला फोन आले : “दादा, यावर एक अ‍ॅप पाहिजे. धोका असेल तिथं सूचना देणारं.”

भावना चांगली आहे. पण तोलून बघा. वर्षातून एकदा लोणावळ्याला येणारा माणूस घरून निघताना ‘मावळ सुरक्षा’ नावाचं अ‍ॅप शोधून डाऊनलोड करेल? नाही करणार. आणि धबधब्यात पाय टाकताना फोन तर प्लास्टिकच्या पिशवीत असतो. त्यातून कुंडमळ्याच्या पुलापाशी धोक्याचा फलक होता. रविवारी तरीही गर्दी झालीच. माहिती पोचत नव्हती म्हणून ते घडलं नाही, म्हणून नुसती माहिती पोचवणारं अ‍ॅप तिथे कमी पडणार.

पण हीच आयडिया जरा फिरवून बघा. अशा वेळी धावून जाणारे कोण? लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र मंडळाची पोरं, वन्यजीव रक्षक मावळचे कार्यकर्ते. किल्ल्यावर किंवा दरीत कोणी हरवलं की यांना फोन जातो. हे लोक वर्षभर, पुन्हा पुन्हा हे काम करतात. दोर कुठे आहेत, कोण किती वेळात पोचेल, हरवलेल्या माणसाचं लोकेशन कसं मागवायचं, हे त्यांचे रोजचे प्रश्न. अ‍ॅप झालंच तर त्यांच्यासाठी होईल. आणि त्यातही आधी त्यांना विचारावं लागेल, कारण लोकेशन मागवायला व्हॉट्सअ‍ॅप बऱ्याचदा पुरतं. वापरणारा कोण, हे एकदा बदललं की सगळी आयडियाच बदलते.

दुसरी आयडिया, पवनेच्या काठचे कॅम्पिंगवाले. इथे मला जास्त दम वाटतो. शनिवारची संध्याकाळ डोळ्यासमोर आणा. एकाच्या पंधरा तंबूंचं बुकिंग चार वाटांनी येतं : स्वतःचा फोन, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्रामवरचे एजंट, आणि एखादी मोठी वेबसाईट. कोणते तंबू गेले आणि कोणते राहिले हे मालकाच्या डोक्यात. रात्री आठ वाजता एकाच तंबूचे दोन दावेदार पाऊस आणि पोरंबाळं घेऊन उभे राहतात. मग पैसे परत, भांडण, आणि सोमवारी गुगलवर एक स्टार.

इथे दुखणं दर आठवड्याला होतं. नुकसान किती ते रुपयांत मोजता येतं. ज्याचं नुकसान होतं तोच मालक पैसे देऊ शकतो. आणि शेजारच्या मालकाकडे तंबू रिकामे असतील तर गिऱ्हाईक तिकडे पाठवून दोघांचं भागतं, म्हणजे दहा मालक एकत्र आले की फायदा वाढतो. पोरांनो, अशी आयडिया कागदावर मांडली की ती आपोआप उभी राहते. तरी त्यात खाचखळगे आहेतच. एजंटला कमिशन मिळतं, त्याला हे सगळं उघड व्हायला नको असतं. मालकही रिकामे तंबू शेजाऱ्याला दाखवायला कचरतो. हे प्रश्न कोडिंगने सुटत नाहीत.

तिसरी आयडिया भाताच्या लावणीची. जुलैत पाऊस धरला की सगळ्या मावळात एकाच वेळी चिखलणी सुरू. पॉवर टिलर मोजके, खाचरं हजार, मजूर तर मिळतच नाहीत. ‘ओला-उबेरसारखा टिलर बोलवायचा’ ही आयडिया दर पावसाळ्यात कोणाला तरी सुचते.

अडचण अशी की ओलाची गाडी शहरात दिवसभर रिकामी फिरत असते, तिला गिऱ्हाईक पाहिजे असतं. जुलैत टिलर रिकामा असतो का? त्याच्याकडे आधीच दहा दिवसांची रांग असते. अ‍ॅपने टिलर वाढत नाहीत. मग अ‍ॅप काय करू शकतं? एक गोष्ट करू शकतं : टिलरवाल्याचा फुकट जाणारा वेळ वाचवू शकतं. आज तो सकाळी नाणे मावळात, दुपारी त्याच रस्त्याने दहा किलोमीटर परत, कारण दोन शेतकऱ्यांनी वेगवेगळे फोन केले. एका शिवारातले सगळे एका दिवशी धरले तर डिझेलही वाचेल आणि दिवसही.

नायजेरियात ‘हॅलो ट्रॅक्टर’ नावाची कंपनी २०१४ पासून नेमकं हेच करते. त्यांनी शेतकऱ्याच्या हातात अ‍ॅप दिलं आणि सोडून दिलं, असं झालं नाही. गावोगाव एकेक माणूस नेमला. तो आजूबाजूच्या छोट्या शेतकऱ्यांची मागणी गोळा करतो, आणि एका बाजूची पुरेशी मागणी जमली की ट्रॅक्टर तिकडे जातो. अ‍ॅप वापरतो तो मधला माणूस आणि ट्रॅक्टरवाला. शेतकरी नुसता त्या माणसाला सांगतो. आपल्याकडे इर्जिक घालायचे तेव्हा कोणाच्या शेतावर कोणता दिवस हे ठरवणारं एक शहाणं माणूस वाडीत असायचंच, त्याचीच ही आवृत्ती म्हणा.

फुलांच्या भावाचं अ‍ॅप, कामशेत स्टेशनवर लोकल आली की जीप आहे का सांगणारं अ‍ॅप, घरगुती नोकरी शोधणारं अ‍ॅप, अशा अजून कितीतरी आयडिया मी ऐकल्यात. सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारतो आणि तिथेच बहुतेक गप्प होतात : यात रोज माहिती भरणार कोण? गुलाबाचा आजचा भाव रोज सकाळी सहाला कोणीतरी टाकला पाहिजे. पहिले आठ दिवस तुम्ही टाकाल. लग्नसराईत टाकाल का? आणि एक दिवस चुकीचा भाव दिसला की पॉलिहाऊसवाला पुन्हा ते उघडणार नाही, तो सरळ बाजारातल्या आपल्या माणसाला फोन लावेल. एम-इंडिकेटरच्या सुरुवातीच्या काळात वेळापत्रक वर्षातून मोजक्याच वेळा बदलायचं, हे त्याचं एक गुपित आहे.

रेंज, आणि अंगठ्याएवढी बटणं

आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, तिन्हीकडे डोंगराआड गेलं की रेंज जाते. हे डेव्हलपरला पुण्यात बसून आठवत नाही. त्याच्या केबिनमध्ये फाईव्ह जी असतं.

याचा धडा राज्य सरकारच्या ई-पीक पाहणीतून सगळ्या महाराष्ट्राने घेतलाय. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच मोबाईलवरून पिकाची नोंद करायची असं ठरलं. आयडिया चोख होती : तलाठ्याने चावडीत बसून लिहिण्यापेक्षा शेतकऱ्याने शेतात उभं राहून फोटो काढावा. पण शेतात रेंज नाही, शेवटच्या तारखेला सर्व्हर जड, आणि कित्येकांकडे स्मार्टफोनच नाही. मग वाट कशी निघाली? फोटो शेतात काढून ठेवायचा आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायचा, ही सोय होती. आणि एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करायला परवानगी होती. त्यामुळे प्रत्येक गावात एक-दोन पोरं तयार झाली, जी सगळ्या भावकीची पीक पाहणी करून देतात. तुम्ही वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी त्यातला असणारच.

याच्या उलट बाजूचं उदाहरण ग्राम सुरक्षा यंत्रणेचं. पुणे ग्रामीण पोलिसांनी ती गावोगावी नेली. चोर आले, बिबट्या दिसला, आग लागली, तर एका टोल फ्री नंबरवर फोन करायचा आणि आपल्या आवाजात सांगायचं. तोच आवाज गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाईलवर फोन म्हणून वाजतो. बटणाच्या फोनवरही. आजीलाही कळतं, कारण फोन उचलायला सगळ्यांना येतो. यात डाऊनलोड करायचं काही नाही. हीच गोष्ट कोणी अ‍ॅप म्हणून आणली असती, तर रात्री दोन वाजता त्या अ‍ॅपची सूचना किती जणांनी बघितली असती?

म्हणून आयडिया तोलताना हाही विचार करा की हे फोन कॉलने होतंय का, मेसेजने होतंय का, कागदाने होतंय का. होत असेल तर अ‍ॅप करू नका. विजांची सूचना देणारं ‘दामिनी’ पुण्याच्याच पाषाणमधल्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलंय. तिथे अ‍ॅपच लागतं, कारण वीज कुठे पडतेय हे सेन्सरांच्या जाळ्यावरून कळतं आणि तुम्ही कुठे उभे आहात हे फोनला माहीत असतं. दोन्ही जोडल्याशिवाय सूचना देता येत नाही. लावणीला जाणाऱ्यांनी ते जरूर ठेवावं.

पैसे न घालता आयडिया कशी तपासायची

कॅम्पिंगवाल्यांचीच आयडिया धरू. उद्या डेव्हलपरकडे जाऊ नका. पाच मालक गाठा. त्यांना ‘असं अ‍ॅप आलं तर वापराल का’ हे विचारू नका. आपल्याकडे कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. “लय भारी, करा की!” म्हणतील आणि चहा पाजतील. आम्हाला पण सगळ्यांनी चहा पाजला होता.

त्याऐवजी मागचं विचारा. शेवटचं डबल बुकिंग कधी झालं होतं? त्या रात्री काय केलंत? किती पैसे परत दिले? नंतर परत होऊ नये म्हणून काही केलंत का? ज्याने काहीच केलं नाही, त्याला ते दुखणं सोसवतंय असं समजा. ज्याने भाच्याला तीनशे रुपये रोज देऊन बुकिंग लिहायला बसवलंय, तो तुमचा पहिला गिऱ्हाईक.

मग महिनाभर हे काम हाताने करा. गुगलची एक फुकट शीट, त्यात पाच मालकांचे तंबू. बुकिंग आलं की ते तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करतील, तुम्ही शीटमध्ये टाकाल, आणि शनिवारी दर दोन तासांनी कोणाकडे किती तंबू शिल्लक ते कळवाल. तुम्हीच अ‍ॅप व्हा. दमाल, पण चार शनिवारांत कळेल की मालक माहिती वेळेवर देतात का, खोटं सांगतात का, रात्री अकराला काय विचारतात. आणि पाचव्या आठवड्यात सांगा, आता या कामाचे महिन्याला पाचशे रुपये. पाचातले तीन जण कुरकुरत का होईना पण देत असतील, तर आयडियात जीव आहे. सगळे म्हणाले की ‘आधी चालू तर राहू दे, मग बघू’, तर तुमचे लाख रुपये वाचले.

आजकाल एआयच्या मदतीने साधं अ‍ॅप एक हुशार पोरगा पंधरा दिवसांतही उभं करतो. म्हणून लोक म्हणतात की आता तपासायची गरज काय, करूनच बघू. करा. पण अ‍ॅप बनवणं स्वस्त झालं म्हणजे लोकांच्या फोनमध्ये त्याला जागा मिळणं स्वस्त झालं असं नाही. आपल्या लोकांचे फोन तसेही गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेले असतात.

तरीही करायचंच असेल, तर व्यवहाराचं

गुगल प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. ते खातं स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या नावाने उघडा. डेव्हलपरच्या खात्यावरून अ‍ॅप टाकलं तर भांडण झाल्यावर अ‍ॅप त्याच्याकडे राहतं. सोर्स कोड आणि सगळे पासवर्ड तुमच्या हातात यायला पाहिजेत, हे पहिला हप्ता देण्याआधी कागदावर लिहून घ्या. दरवर्षी सर्व्हरचा आणि दुरुस्तीचा खर्च किती, हेही तेव्हाच विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

नवीन वैयक्तिक खात्याला गुगलची एक अट आहे : अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस त्याची चाचणी घेतली पाहिजे. पोरं या अटीवर वैतागतात आणि मित्रांचे ईमेल भरून मोकळी होतात. असं करू नका. हे बारा जण खरे वापरणारे घ्या : कॅम्पिंगवाले, टिलरवाले, जे असतील ते. बारा खरी माणसं चौदा दिवस टिकत नसतील, तर बारा हजार कुठून येणार?

आणि अ‍ॅपची फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर कधीही पाठवू नका. पीएम किसानच्या नावाने, आरटीओच्या चलनाच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाईल पाठवून लोकांची बँक खाती रिकामी करायचे प्रकार राज्यभर झालेत. त्यामुळे शहाणा माणूस आता अशा फाईलला हात लावत नाही, आणि त्याने लावूही नये. लिंक द्यायची ती प्ले स्टोअरचीच. लोकांचे फोन नंबर, आधार, लोकेशन मागत असाल तर कशासाठी ते मराठीत स्पष्ट लिहा. २०२३ च्या कायद्याप्रमाणे त्यांची संमती लागते, आणि काम नसताना आधार मागायची तर काही गरजच नाही.

माझ्या चुलतभावाने गेल्या पावसाळ्यात टिलरची आयडिया अशीच हाताने करून बघितली. एक जुना फोन, एक वही, दोन टिलरवाले, तीन वाड्या. पहिल्या आठवड्यात त्याने फोन आला त्या क्रमाने नंबर दिले, आणि टिलरवाले वैतागून गेले. दुसऱ्या आठवड्यात शिवारावार याद्या केल्या. मग कोणाचं शेत आधी यावरून दोन भावांत जुंपली, ती त्याने घरी जाऊन मिटवली. हंगाम संपल्यावर दोन्ही टिलरवाल्यांनी आपणहून त्याला डिझेलचे म्हणून काही पैसे दिले. अ‍ॅप अजून केलेलं नाही. यंदा पाच वाड्या घेणार म्हणतोय, आणि तिसरा टिलरवाला शोधतोय.